भाडेकराराची कलमे आणि न्हाणीघरातील गीझर

खराडीत एखादी सदनिका भाड्याने घ्यावयाची म्हटली म्हणजे शासनास किती गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात, हे ज्यांनी अलीकडे घर बदलले आहे त्यांना सांगावयास नको. मालकाचे व भाडेकरूचे आधार आणि पॅन क्रमांक, दोघांची छायाचित्रे, दोघांच्या अंगठ्यांचे ठसे, ओळख पटविणारे साक्षीदार, मासिक भाडे, अनामत रक्कम, कराराची मुदत अशी सारी माहिती संगणकावर भरली जाते. एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि महापालिकेच्या हद्दीत १,००० रुपये नोंदणी शुल्क भरावे लागते. शिवाय भाडेकरू कोण, कोठला, याची वर्दी पोलिसांना द्यावयाची ती निराळीच. एजंट ठसे घेण्याचे यंत्र घेऊन घरी येतो आणि अर्ध्या तासात सारा विधी उरकतो. या अर्ध्या तासात दोन प्रश्न मात्र कोणी कोणास विचारीत नाही. न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे काय, आणि असल्यास त्याचा धूर बाहेर पडण्यास वाट आहे काय? रात्री घरात धूर कोंडला तर झोपलेल्या माणसास जागे करील असे काही साधन या घरात आहे काय?

भाडेकराराची ही नोंदणी ऐच्छिक नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ अन्वये करार लेखी असला पाहिजे व नोंदविला गेला पाहिजे. नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अकरा महिन्यांचा करार असला तरी त्यातून सुटका नाही. मालक, भाडेकरू आणि शासन हे तिघे एका कागदावर एकत्र येतात असा हा एकमेव प्रसंग होय. आग आणि विषारी धूर यांच्याविषयी घरमालकाचे काही कर्तव्य असावे की नाही, हा प्रश्न विचारावयाचा तर तो या कागदासंबंधानेच विचारला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खराडीचेच उदाहरण घेण्यास कारण आहे. १९९७ साली पुणे महापालिकेत आलेले हे गाव एका पिढीच्या आत भाडेकरूंचे उपनगर बनले. उत्तरेस नगर रस्ता, दक्षिणेस मुळा-मुठा, आणि मधल्या शेतांवर ईऑन आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर यांसारखी संगणक-उद्योगाची संकुले. तेथे काम करणारी तरुण मंडळी विदर्भातून, मराठवाड्यातून आणि थेट आसाम-बिहारपासून आलेली. त्यांच्यासाठी एकीकडे वीस-वीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले, तर दुसरीकडे चंदननगर आणि थिटे वस्तीच्या बाजूस गुंठा-दोन गुंठ्यांवर चार-पाच मजल्यांच्या इमारती उठल्या. एका खोलीत तीन कॉट टाकून प्रत्येक कॉटचे भाडे स्वतंत्रपणे घेतले जाते. हॉलमध्ये प्लायवूडची भिंत घालून एका खोलीच्या दोन खोल्या होतात. मालक त्याच इमारतीत राहतो असे क्वचितच घडते. कित्येकदा तो परदेशी असतो आणि घराची चावी एजंटाकडे असते. अशा घरात कोणती वस्तू कोठे बसविली आहे हे मालकास ठाऊक नसते, आणि ती तेथे का बसविली हे भाडेकरूस ठाऊक नसते.

गॅस गीझर ही त्यांपैकी पहिली वस्तू. भाड्याच्या घरांत तो इतका लोकप्रिय का झाला हे समजण्याजोगे आहे. विजेचा बिल-आकडा वाढत नाही, टाकी भरण्याची वाट पाहावी लागत नाही, एकामागून एक चौघांच्या आंघोळी होतात, आणि यंत्राची किंमतही बेताची. मालकाने तो एकदा भिंतीवर टांगला की पुढच्या अनेक भाडेकरूंची सोय झाली. तो टांगावयाचा कोठे, तर जेथे नळ आहे तेथे, म्हणजे न्हाणीघरात.

आता थोडे गणित करू. पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि नऊ फूट उंच असे न्हाणीघर घेतले तर त्यात सुमारे नऊ घनमीटर हवा मावते. एक किलो स्वयंपाकाचा गॅस पुरता जळावयाचा तर त्यास बारा घनमीटरांहून अधिक हवा लागते. घरगुती तत्काळ गीझर तासाला किलोभराच्या आसपास गॅस जाळतो. म्हणजे दार लावून पंधरा मिनिटे गरम पाण्याखाली उभे राहिले की त्या कोंडलेल्या खोलीतील हवेचा तिसरा हिस्सा ज्योतीने खाल्लेला असतो. उरलेल्या हवेत प्राणवायू कमी, आणि जळून निघालेले वायू मिसळलेले. अशा हवेत ज्योत नीट जळत नाही. कार्बनचे पूर्ण ज्वलन न होता कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. बर्नरवर काजळी धरली असेल, क्षारांनी भोके बुजली असतील, तर तो याहूनही लवकर तयार होतो. पहिल्याची आंघोळ निभावते, दुसऱ्याची निभावते; तिसरा आत जातो तेव्हा खोलीत आधीच्या दोघांचा धूर साचलेला असतो.

सिलिंडरमधील गॅसला आपण वासाने ओळखतो, कारण तो वास त्यात मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांत झोंबत नाही की घशात खवखवत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोके जड होते, मळमळते, पायांतील बळ जाते. लक्षणे अशी की माणसास वाटावे, पित्त झाले किंवा रात्रपाळीचे जागरण बाधले. कडी काढून बाहेर पडावे हे सुचेपर्यंत हात उचलत नाही. यातून वाचलेल्या काही रुग्णांस झटका आलेला पाहून त्यांच्यावर अपस्माराचे उपचार सुरू झाल्याची उदाहरणे भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदविली आहेत, आणि या प्रकारास त्यांनी 'गॅस गीझर सिंड्रोम' असे नावही दिले आहे. यंत्राच्या नावाने रोग ओळखला जावा इतपत मजल आपण मारली आहे.

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीस पंधरा वर्षांची एक मुलगी आंघोळीस गेली ती बेशुद्धावस्थेत सापडली आणि पुढे रुग्णालयात दगावली. मार्च २०२३ मध्ये होळी खेळून आलेले घाटकोपरचे एक दांपत्य न्हाणीघरात मृत आढळले, तेव्हाही पहिला संशय गॅस गीझरवरच गेला. असे वृत्त येते, दोन दिवस गीझरविषयी सूचना छापून येतात, 'खिडकी उघडी ठेवा' असा उपदेश होतो आणि पुढचा हिवाळा येईपर्यंत विषय मिटतो. खिडकी उघडी ठेवण्याचा हा उपदेश करणाऱ्यांनी खराडीतील न्हाणीघरांच्या खिडक्या पाहिलेल्या नसाव्यात. ती खिडकी बहुधा इमारतीच्या डक्टमध्ये उघडते. डक्टमध्ये कबुतरांनी संसार थाटलेले असतात, म्हणून मालकाने किंवा आधीच्या भाडेकरूने काचेच्या पट्ट्या काढून तेथे अ‍ॅक्रिलिकचा पत्रा ठोकलेला असतो. हवा जाण्यासाठी वास्तुरचनाकाराने ठेवलेली ती एकुलती एक वाट कबुतरांनी बंद करविली, असा हा मामला आहे.

दुसरी गोष्ट आगीच्या धुराची. आगीत सापडलेली माणसे भाजून मरतात अशी आपली समजूत असते. पुष्कळदा ती ज्वाला पोहोचण्यापूर्वीच धुराने गुदमरून गेलेली असतात, आणि त्या धुरातील मारेकरी पुन्हा हाच कार्बन मोनॉक्साइड असतो. झोपेत माणसाचे नाक पहारा देत नाही. धुराच्या वासाने जाग येईल यावर भरवसा ठेवता येत नाही. ३० डिसेंबर २०१६ रोजी पहाटे कोंढव्यातील एका बेकरीत आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मृत्युमुखी पडले. शटरला बाहेरून कुलूप होते. ९ मे २०१९ रोजी उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानात पाच कामगार तसेच गेले. तेथेही दार बाहेरून बंद होते. ३० ऑगस्ट २०२३ रोजी चिखलीत दुकानातच राहणाऱ्या एका कुटुंबातील चौघे गेले. या तिन्ही ठिकाणी माणसे जेथे कामास होती किंवा व्यवसाय करीत होती तेथेच झोपत होती, आणि जागी होईपर्यंत सुटकेची वेळ निघून गेली होती. कोंढव्यास वा उरुळीस धूरसूचक घंटा असती तरी बाहेरचे कुलूप तिने उघडले नसते, हे खरे. पण फोन करण्यास, शटर ठोठावण्यास आणि शेजाऱ्यांना जागे करण्यास लागणारी मिनिटे पदरी पडली असती. प्लायवूडच्या भिंती, खिडकीस लोखंडी जाळी, बाहेर जाण्यास एकच दार आणि त्या दाराजवळच रात्रभर चार्जिंगला लावलेली विजेची दुचाकी, अशी जी घरे खराडीत कॉटच्या हिशेबाने दिली जातात, त्यांतील माणसांची स्थिती त्या कामगारांहून फार वेगळी नाही.

याविषयी कायदा मुळीच नाही काय? आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. इमारतीत आगप्रतिबंधक साधने बसविण्याची व ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी या कायद्याने मालकावर आणि मालकाचा ठावठिकाणा लागत नसेल तर भोगवटादारावर टाकली आहे. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून तपासणी करवून घेऊन साधने ठीक असल्याचे प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. आपल्या सोसायटीने गेल्या जुलैत असे प्रमाणपत्र दिले काय, हा प्रश्न वाचकांनी येत्या वार्षिक सभेत विचारून पाहावा. उत्तर उद्बोधक असेल. तथापि हा कायदा पाहतो तो इमारतीकडे. जिना, उद्वाहन, पाण्याची टाकी, होज पाइप, मजल्यावरील बटण, हे त्याचे विषय. सदनिकेच्या दाराच्या आत, झोपण्याच्या खोलीबाहेर एक साधी घंटा मालकाने लावलीच पाहिजे, असा सर्वसामान्य दंडक त्यातून निघत नाही. न्हाणीघरातील गीझर तर त्याच्या दृष्टीस पडतच नाही.

दाराच्या आत पाहणारा कायदा म्हणजे भाड्याचा कायदा. १९९९ च्या अधिनियमात घर राहण्याजोगे व सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य सांगितले आहे. परंतु 'सुस्थिती' या शब्दात छताची गळती येते, भिंतीची तड येते; हवा येते की नाही हे कोणी अद्याप नीट ठरविलेले नाही. केंद्र शासनाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा संमत करून राज्यांकडे धाडला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणती दुरुस्ती कोणी करावयाची याची यादी आहे आणि ती मोठी बोलकी आहे. रंगसफेदी, नळाच्या वाहिन्या आणि विजेचे वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, दाराच्या मुठी, कुलपे, खिडक्यांच्या काचा आणि माशांच्या जाळ्या भाडेकरूकडे. गीझरची दुरुस्तीही भाडेकरूकडे. दाराची मूठ आणि गीझर यांना एका मापाने मोजणारी ही यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विजेचा गीझर असावा अशी उदार कल्पना करावयाची तर करावी. पण तिचा परिणाम असा की, मालकाने निवडलेल्या, मालकाने बंद खोलीत बसविलेल्या आणि आधीच्या तीन भाडेकरूंनी वापरून काजळी धरलेल्या यंत्राची जबाबदारी अकरा महिन्यांसाठी आलेल्या परगावच्या मुलाकडे जाते. धुराचे वा कार्बन मोनॉक्साइडचे सूचक लावण्याविषयी या यादीत अवाक्षर नाही.

इंग्लंडात हा प्रश्न कसा सुटत गेला ते पाहणे उपयोगाचे आहे. तेथील कायद्याची नक्कल करावी म्हणून नव्हे, तर त्यातील क्रम ध्यानात यावा म्हणून. मुळात हे यंत्र तेथलेच. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने गॅसवर पाणी तापविणारे यंत्र केले आणि आइसलंडमधील उष्ण झऱ्यांवरून त्यास 'गीझर' हे नाव दिले. त्या यंत्रास धुराडे नव्हते. आपल्या न्हाणीघरांतील स्वस्त गीझर दीडशे वर्षांनंतरही त्याच अवस्थेत आहे. इंग्लंड तेथे थांबले नाही. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनी न्हाणीघरात असा गॅस गीझर बसविण्यास मनाई केली की जो खोलीतली हवा घेतो आणि खोलीतच धूर सोडतो. बाहेरची हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारे बंदिस्त यंत्रच तेथे चालते. त्याच नियमांनी घरमालकावर आणखी एक ओझे टाकले: भाड्याच्या घरातील आपले गॅसचे प्रत्येक उपकरण आणि त्याचे धुराडे त्याने दर बारा महिन्यांनी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे आणि त्या तपासणीची प्रत भाडेकरूच्या हाती द्यावी.

सूचक घंटेचा नियम यानंतर आला. १ ऑक्टोबर २०१५ पासून इंग्लंडमधील खाजगी घरमालकास भाड्याच्या घराच्या प्रत्येक मजल्यावर धुराची घंटा लावणे आणि कोळसा वा लाकूड जाळण्याची सोय असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची घंटा लावणे सक्तीचे झाले. भाडेकरू राहावयास येईल त्या पहिल्या दिवशी ती वाजते की नाही हे मालकाने पाहावयाचे. १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम अधिक कडक झाला. स्वयंपाकाची शेगडी वगळता गॅस, तेल वा कोळसा जाळणारे कोणतेही स्थिर उपकरण ज्या खोलीत असेल तेथे कार्बन मोनॉक्साइडची घंटा हवी. हा नियम सार्वजनिक संस्थांच्या भाड्याच्या घरांनाही लागू झाला. आणि घंटा बिघडल्याचे भाडेकरूने कळविल्यावर ती दुरुस्त करणे वा बदलणे मालकावर बंधनकारक झाले. न पाळणाऱ्यास स्थानिक नगरपरिषद पाच हजार पौंडांपर्यंत दंड करू शकते. प्रथम यंत्र कोठे बसवू नये हे ठरले, मग त्याची तपासणी ठरली, आणि घंटा तिसऱ्या पायरीवर आली.

हा क्रम आपण उलटा केला तर काय होईल? न्हाणीघरातला गीझर तसाच ठेवून मालकाने हॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइडची घंटा टांगली, असे समजू. वाफेमुळे ही उपकरणे न्हाणीघरात लावू नयेत असे त्यांचे उत्पादकच सांगतात, म्हणून ती बाहेर लागणार. विष तयार होणार आत, बंद दारामागे. दाराच्या फटीतून ते बाहेर येऊन घंटा वाजेपर्यंत आतला माणूस खाली कोसळलेला असण्याचा संभव पुष्कळ आहे. अशा स्थितीत घंटा म्हणजे मालकाच्या मनाचे समाधान. म्हणून खराडीत वा महाराष्ट्रात कोठेही घरमालकांसाठी नियम करावयाचा तर त्याचे पहिले वाक्य घंटेविषयी असता कामा नये. न्हाणीघरात खोलीतली हवा जाळणारा गॅस गीझर ठेवून ते घर भाड्याने देता येणार नाही, हे त्याचे पहिले वाक्य असावे.

तो काढून कोठे लावावयाचा, असा व्यवहारी प्रश्न येतो. पुण्यातील बहुतेक सदनिकांना स्वयंपाकघरालगत भांडी-कपड्यांसाठी ड्राय बाल्कनी असते. गीझर तेथे उघड्या हवेत लावून गरम पाण्याची वाहिनी आत नेता येते. खर्च प्लंबरच्या एक-दोन दिवसांच्या कामाचा. मात्र ती ड्राय बाल्कनी सरकत्या काचांनी बंद करून तिची खोली केलेली असेल, आणि खराडीत निम्म्या इमारतींकडे नुसते मान वर करून पाहिले तरी अशा काचा दिसतात, तर न्हाणीघरातला धोका स्वयंपाकघराशेजारी आणून ठेवल्यासारखे होईल. ज्यांच्या छपरावर सोय आहे त्यांना सूर्यबंब आहेच आणि त्यासाठी पुणे महापालिका मालमत्ता करात सवलतही देते. सर्वांत सोपा मार्ग विजेच्या गीझरचा. बिल भाडेकरूच भरतो, तेव्हा मालकाने त्याविषयी फार हळहळण्याचे कारण नाही.

धुराच्या घंटेबाबत मात्र इतका विचार करावा लागत नाही. बॅटरीवर चालणारे हे उपकरण छताला दोन स्क्रूंनी बसते. झोपण्याच्या खोल्यांबाहेरच्या बोळात ते लावले आणि कॉटच्या हिशेबाने दिलेल्या घरात प्रत्येक खोलीत एक लावले, की काम झाले. त्याची किंमत खराडीतील एका महिन्याच्या भाड्याचा लहानसा अंश आहे. आपल्या घरात ती घंटा रोज वाजेल, हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. लाल मिरचीच्या फोडणीचा ठसका शेजारच्या घरी जातो, तो घंटेला लागणार नाही काय? देवघरातील उदबत्ती आणि संध्याकाळचा धूप यांचे काय? विलायतेत राहणाऱ्या मराठी गृहिणी फोडणी देताना एका हाताने झारा आणि दुसऱ्या हाताने घंटेखाली पंचा हलवितात, अशा गोष्टी आपण ऐकतो. यावर उपाय घंटा काढून टाकणे हा नव्हे. स्वयंपाकघरात धुराने वाजणाऱ्या घंटेऐवजी उष्णतेने वाजणारी घंटा लावतात, आणि धुराची घंटा तेथून दूर बोळात ठेवतात. उदबत्ती घंटेच्या थेट खाली न लावण्याइतका संयम कोणत्याही दैवतास मान्य असावा.

मालकांचा दुसरा आक्षेप असा, की आम्ही घंटा लावू आणि भाडेकरू तिची बॅटरी काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घालील. घालील, काहीजण नक्की घालतील. परंतु यावरही उपाय इंग्लंडच्या नियमात आहे. पहिल्या दिवशी घंटा वाजवून दाखविण्याची जबाबदारी मालकाची. पुढे ती बिघडली तर कळविण्याचे काम भाडेकरूचे. कळविल्यावर बदलून देण्याचे पुन्हा मालकाचे. पंखे किती, दिवे किती, कपाटाच्या किल्ल्या किती, याची यादी आजही भाडेकराराला जोडली जाते आणि घर सोडताना एकेक वस्तू ताडून पाहिली जाते. ज्या काटेकोरपणाने आपण भाडेकरूकडून पंख्याच्या पात्याचा हिशेब घेतो त्या काटेकोरपणात दोन घंटा बसणार नाहीत असे नाही.

भाडेकरूंच्या बाजूनेही एक भीती बोलली जाते. नवा खर्च आला की मालक तो भाड्यात घालणार. ही भीती खोटी नाही. भाडे वाढविण्यास कारण नसले तरी दरवर्षी दहा टक्के वाढ करारात लिहिलेली असतेच, हेही तितकेच खरे. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की ज्याला अनामत रक्कम परत मिळण्याची धास्ती असते तो तक्रार करीत नाही. नगर रस्त्यावर कामास येणारा, पहिल्या पगारातून दोन महिन्यांची अनामत भरलेला मुलगा 'गीझर हलवा' असे मालकास सांगण्याच्या स्थितीत नसतो. म्हणूनच ही बाब त्या दोघांच्या सौजन्यावर सोडता येत नाही. तिसऱ्या पक्षाने, म्हणजे ज्याने अंगठ्याचे ठसे घेतले त्याने, ती विचारली पाहिजे.

ती विचारण्याची यंत्रणा नव्याने उभारावी लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संगणकावर भाडेकराराचा जो नमुना आहे त्यात चार रकाने वाढवावे लागतील: घरात गॅस गीझर असल्यास तो कोणत्या जागी आहे, त्याची शेवटची तपासणी केव्हा झाली, धुराच्या घंटा किती व कोठे आहेत, ताबा देण्याच्या दिवशी त्या वाजवून पाहिल्या काय. मालकाने खोटे लिहिले तर नोंदणीकृत दस्तऐवजात खोटे लिहिल्याचा दोष त्याच्याकडे जाईल, आणि दुर्घटना घडलीच तर जबाबदारी कोणाची हे शोधण्यासाठी पोलिसांना वर्षभर फिरावे लागणार नाही. आज ते शोधणे कठीण जाते, याचे कारण मालक म्हणतो गीझर भाडेकरूने वापरला आणि भाडेकरूचे नातेवाईक म्हणतात तो मालकाने बसविला, आणि दोघेही खरे बोलत असतात.

लिहिलेले खरे आहे की नाही हे पाहावयाचे कोणी? अग्निशमन दलाने घरोघर जावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्यांच्याकडे मनोऱ्यांची तपासणी करण्यासही माणसे अपुरी आहेत. परंतु महापालिकेजवळ एक माहिती आहे जिचा उपयोग या कामी होऊ शकतो. पुण्यात जो मालक स्वतःच्या घरात स्वतः राहतो त्याला मालमत्ता करात चाळीस टक्के सवलत मिळते. मध्यंतरी ती बंद झाली होती; २०२३ साली पुन्हा देण्याचे ठरले तेव्हा मालक स्वतः राहतो हे सिद्ध करण्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरून घेण्यात आला. याचा अर्थ खराडीत कोणत्या सदनिकेत मालक राहतो आणि कोणत्या सदनिकेवर ही सवलत नाही, याची यादी कर-आकारणी विभागाच्या दप्तरात तयार आहे. कर वसूल करण्यासाठी जी यादी होऊ शकली, तिच्यातील शंभरातल्या दोन घरांची हिवाळा सुरू होण्यापूर्वी पाहणी करणे ही अशक्य गोष्ट नाही. दोन घरे तपासली आणि एका मालकास दंड झाला, ही बातमी एजंटांच्या द्वारे उरलेल्या अठ्ठ्याण्णव घरांत एका आठवड्यात पोहोचते.

या साऱ्याला विधिमंडळात दुरुस्ती लागेल, नियम लागतील, त्यास वेळ लागेल. तोपर्यंत खराडीतील मोठ्या सोसायट्यांना कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. नवा भाडेकरू येताना सोसायटी ना-हरकत पत्र देते, सामान चढविण्या-उतरविण्याचे पैसे घेते, उद्वाहनात सामान केव्हा न्यावे याच्या वेळा सांगते. विवाहित की अविवाहित, मांसाहारी की शाकाहारी अशा चौकशाही, त्यांचा तिला काडीचा अधिकार नसताना, काही ठिकाणी होतात. त्याच कागदावर गीझरची जागा विचारण्याचा अधिकार मात्र तिला खचित आहे, कारण एका घरातील आग वरच्या पाच घरांत जाते. आणि ज्या तरुणास येत्या आठवड्यात खराडीतले घर पाहावयाचे आहे, त्याने अंगठ्याचा ठसा देण्यापूर्वी न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्यावे, खिडकी डक्टकडे उघडते की अ‍ॅक्रिलिकने बंद आहे ते पाहावे, एक्झॉस्ट पंख्याचे बटण दाबावे आणि फडफडणारा कागद त्याच्याजवळ धरून तो हवा खेचतो की नुसता आवाज करतो याची खात्री करून घ्यावी. गीझर तेथे असेल तर तो ड्राय बाल्कनीत नेऊन देईन, असे एक वाक्य मालकाकडून करारात लिहवून घेण्यास आजच्या कायद्याचीही आडकाठी नाही.